विश्लेषण : मूल कुपोषणाने दगावते की आजाराने? उत्तर दडले आहे पेशींच्या ‘आठवणीत’

जव्हार-मोखाड्यातील बालमृत्यूंवर दर पावसाळ्यात तोच वाद होतो. शरीरातील ‘निरोप्या’ रेणूंचा अभ्यास मात्र सांगतो, की कुपोषण आणि संसर्ग हे दोन वेगळे आजार नाहीतच.

पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांची नावे बातम्यांत बहुतेक वेळा एकाच कारणाने येतात. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात शंभराहून अधिक बालके दगावली आणि ‘कुपोषण’ हा शब्द राज्याच्या राजकारणात आला. त्यानंतर नवसंजीवनी योजना आली, २०१४ मध्ये ठाण्याचे विभाजन होऊन पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला, २०१६ मध्ये मोखाड्यातील बालमृत्यूंवरून पुन्हा गदारोळ झाला. इतक्या वर्षांत एक वाद मात्र तसाच राहिला. कार्यकर्ते म्हणतात, मूल भुकेने गेले. यंत्रणा म्हणते, न्यूमोनियाने गेले, अतिसाराने गेले, कमी वजनाचे जन्मले होते म्हणून गेले. कागदोपत्री यंत्रणेचे म्हणणे अनेकदा खरेही असते. मृत्यूच्या नोंदीत ‘कारण’ म्हणून शेवटचा आजारच लिहिला जातो.

पण तोच आजार एका पाड्यावरचे मूल आठ दिवसांत झटकून टाकते आणि दुसऱ्या पाड्यावरचे मूल त्यात जाते, असे का होते? लस टोचलेली असूनही एखादे मूल पुन:पुन्हा आजारी का पडते? या प्रश्नांच्या उत्तराचा मोठा भाग टी-पेशींच्या स्मृतीत आणि ती स्मृती घडवणाऱ्या, टिकवणाऱ्या सायटोकाइन नावाच्या रेणूंत आहे.

टी-पेशींची ‘आठवण’ म्हणजे काय?

टी-पेशी म्हणजे रक्तातील पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. त्या अस्थिमज्जेत जन्मतात आणि छातीच्या हाडामागील थायमस या ग्रंथीत तयार होतात. प्रत्येक टी-पेशी एखादाच विशिष्ट आकार ओळखते. एखादी गोवराच्या विषाणूचा तुकडा ओळखेल, दुसरी क्षयाच्या जंतूचा. शरीरात अशा लाखो वेगवेगळ्या ‘ओळखी’ असलेल्या पेशी फिरत असतात.

ओळखीचा जंतू सापडला की ती पेशी वेगाने विभागू लागते. काही तासांना एक विभाजन, असे आठवडाभर चालते आणि एका पेशीच्या हजारो प्रती तयार होतात. त्यातल्या काही संसर्ग झालेल्या पेशी मारतात, काही इतर पेशींना कामाला लावतात. जंतू हटला की या फौजेतील ९० ते ९५ टक्के पेशी मरून जातात. उरलेल्या पाच-दहा टक्के पेशी वर्षानुवर्षे राहतात. त्यांनाच ‘मेमरी’ म्हणजे स्मृती टी-पेशी म्हणतात. तोच जंतू पुन्हा आला तर त्या पहिल्या वेळेपेक्षा कितीतरी लवकर सज्ज होतात. लस हेच काम खरा आजार न होऊ देता करते.

नागली-वरई पिकवणाऱ्या घरात ही गोष्ट सहज समजेल. सुगीत पीक भरपूर येते, त्यातले बहुतेक खाऊन संपते, पण थोडे बियाणे पुढच्या पेरणीसाठी कणगीत राखून ठेवले जाते. स्मृती पेशी म्हणजे शरीराने राखून ठेवलेले बियाणे. बियाणे किती राखले, ते नीट टिकले का आणि पाऊस पडल्यावर उगवले का, हे तीन प्रश्न वेगवेगळे आहेत. तिन्ही ठिकाणी सायटोकाइनची भूमिका आहे.

सायटोकाइन नेमके काय करतात?

सायटोकाइन ही छोटी प्रथिने आहेत. एक पेशी ती सोडते, दुसऱ्या पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहीला ती चिकटतात आणि त्या पेशीला आदेश मिळतो : विभाग, थांब, जागी राहा किंवा मर. गावात दवंडी पिटावी तसे हे काम चालते. इंटरल्युकिन, इंटरफेरॉन ही त्यातली ओळखीची नावे. करोनाच्या काळात ‘सायटोकाइन वादळ’ हा शब्द घरोघरी पोहोचला होता. त्या वादळात हेच रेणू प्रमाणाबाहेर सुटतात.

टी-पेशी कामाला लागण्यासाठी तीन गोष्टी लागतात. पहिली, जंतूचा तुकडा ओळखणे. दुसरी, तो तुकडा दाखवणाऱ्या पहारेकरी पेशीकडून ‘धोका खरा आहे’ अशी खूण मिळणे. तिसरी, सायटोकाइनचा निरोप. ही तिसरी गोष्ट ठरवते, की पेशी लढून संपणार की पुढच्या वेळेसाठी राहणार.

दवंडी किती मोठी असावी?

अमेरिकेतील येल विद्यापीठात सुसान केश यांच्या गटाने २००७ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून याचे एक महत्त्वाचे उत्तर दिले. इंटरल्युकिन-१२ हे सायटोकाइन दाह वाढला की वाढते. ते जास्त असेल तर टी-पेशीत ‘टी-बेट’ नावाच्या प्रथिनाची पातळी चढते आणि पेशी अल्पायुषी लढवय्यी होते. ते कमी असेल तर पेशी स्मृतीच्या वाटेला लागते. म्हणजे एकाच जंतूविरुद्ध उभ्या राहिलेल्या दोन जुळ्या पेशींचे भवितव्य आजूबाजूचा दाह किती आहे यावर ठरते.

दाह मुळीच नको असा याचा अर्थ नाही. तो नसेल तर फौजच उभी राहत नाही. पण तो वेळेत शमलाही पाहिजे. दाह शमवणाऱ्या इंटरल्युकिन-१० आणि इंटरल्युकिन-२१ यांचे निरोप स्मृती पेशींना पक्व करतात, हेही याच गटाने २०११ मध्ये दाखवले.

जव्हार-मोखाड्यासारख्या भागात अडचण इथेच सुरू होते. दूषित पाण्यामुळे वारंवार होणारे जुलाब, पोटातील जंत, हिवताप, चुलीच्या धुराने होणारा खोकला अशा एकामागून एक त्रासांत वाढणाऱ्या मुलाच्या शरीरात धग कधी पूर्ण विझतच नाही. दीर्घकाळ रेंगाळणारा एक संसर्ग दुसऱ्याच जंतूविरुद्धच्या स्मृती पेशींची घडण बिघडवतो, हे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील जॉन व्हेरी यांच्या गटाने २०१४ मध्ये उंदरांत दाखवले. इथिओपियात माणसांवर झालेल्या अभ्यासात, पोटात जंत असलेल्यांना आधी जंतनाशक दिल्यावर बीसीजी लसीला त्यांच्या टी-पेशींचा प्रतिसाद सुधारल्याचे २००१ मध्ये दिसले. शाळा-अंगणवाडीत मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी त्यामुळे केवळ पोटदुखीपुरती राहत नाही.

आठवण टिकते कशी?

स्मृती पेशी एकदा तयार झाल्या की आपोआप टिकतात, असा अनेकांचा समज असतो. तसे नाही. त्यांना सतत दोन निरोप लागतात. इंटरल्युकिन-७ सांगते, ‘जिवंत राहा.’ इंटरल्युकिन-१५ सांगते, ‘हळूहळू विभागत राहा, म्हणजे मेलेल्यांची जागा भरेल.’ ज्या टी-पेशींवर इंटरल्युकिन-७ ची ग्राही असते, त्याच लढाईनंतर तगतात. इंटरल्युकिन-१५ नसलेल्या उंदरांत स्मृती पेशी हळूहळू विरळ होत जातात. हे रेणू लसिका ग्रंथी, प्लीहा आणि अस्थिमज्जेतील आधारपेशींकडून मिळतात.

थोडक्यात, रोगप्रतिकारक स्मृती ही दगडावरची रेघ नाही. रोज थोडे तेल घालावे लागणाऱ्या दिव्यासारखी ती आहे. तेल घालायला मुळात घरात असावे लागते.

पोट रिकामे असले तर?

एमोरी विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये नेमका हाच प्रश्न विचारला. एका विषाणूपासून प्रतिकारशक्ती मिळालेल्या उंदरांना त्यांनी प्रथिने फार कमी असलेला आहार दिला. त्या विषाणूची ‘आठवण’ असलेल्या टी-पेशींची संख्या निम्म्यावर आली. पुरेसे प्रथिन खाणाऱ्या उंदरांतील धडधाकट स्मृती पेशी कुपोषित उंदरांत सोडल्या, तर तिथे त्याही नीट विभागेनात. म्हणजे दोष पेशीत नव्हता, त्या ज्या शरीरात राहत होत्या त्यात होता. विषाणू पुन्हा आल्यावर कुपोषित उंदरांना तो यकृतातून नीट काढून टाकता आला नाही.

शरीरातील चरबीचा हिशेबही टी-पेशींपर्यंत पोहोचतो. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचे संप्रेरक सोडतात आणि त्याची घडण सायटोकाइनसारखीच असते. उपाशी राहिल्यावर लेप्टिन घसरते. ब्रिटनमधील संशोधकांनी १९९८ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवले, की उपाशी उंदरांना नुसते लेप्टिन दिले तरी त्यांच्या टी-पेशींचा दबलेला प्रतिसाद परत येतो. ‘घरात दाणा आहे की नाही’ हा निरोप मिळाल्याशिवाय फौज उभी करायची नाही, असा शरीराचा हिशेब असावा.

तिसरा फटका थायमसला बसतो. तीव्र कुपोषणात ही ग्रंथी इतकी आकसते, की वैद्यकीय ग्रंथांत त्याला आहाराने केलेली थायमसची ‘शस्त्रक्रिया’च म्हटले जाते. नव्या टी-पेशींची भरती मंदावते आणि जुन्या स्मृतीचे पोषणही तुटते.

व्हॉट्सॲपवर ‘उपवासाने प्रतिकारशक्ती वाढते’ असे संदेश फिरतात. त्यामागे एक खरा अभ्यास असू शकतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत यास्मिन बेल्केड यांच्या गटाने २०१९ मध्ये दाखवले, की उंदरांचा आहार निम्मा केल्यावर स्मृती टी-पेशी इतर ठिकाणांहून निघून अस्थिमज्जेत गोळा होतात आणि तिथे सुरक्षित राहतात. टंचाईत शरीर बियाणे कणगीत लपवते, असे म्हणता येईल. पण ते पूर्ण वाढलेले उंदीर होते आणि उष्मांक कमी केल्याचा काळ थोडा होता. ज्या मुलाच्या आईलाच गरोदरपणात पुरेसे अन्न मिळाले नाही आणि ज्याला प्रथिने, जस्त, लोह, जीवनसत्त्व ‘अ’ सगळेच कमी पडते, त्याला हा निष्कर्ष लागू होत नाही.

चाचणीही फसते ती कशी?

टी-पेशींची आठवण डोळ्यांनी पाहता येते. क्षयासाठी केली जाणारी माँटू चाचणी म्हणजे नेमके तेच. हाताच्या त्वचेत क्षयजंतूच्या प्रथिनाचे थोडे द्रावण टोचतात आणि ४८ ते ७२ तासांनी तिथे किती कडक गाठ आली ते मोजतात. शरीरात क्षयाची ओळख असलेल्या टी-पेशी असतील, तर त्या तिथे जमतात आणि इंटरफेरॉन-गॅमा हे सायटोकाइन सोडतात. त्यातून गाठ येते. साधारण १० मिलिमीटर किंवा जास्त गाठ म्हणजे चाचणी सकारात्मक. ‘इग्रा’ या रक्तचाचणीत तर थेट इंटरफेरॉन-गॅमाच मोजले जाते.

कुपोषित मुलात मात्र क्षयाचा संसर्ग असूनही गाठ येत नाही, असे घडू शकते. जंतू आहे, पण निरोप देणारे रेणू सुटतच नाहीत. कोरा हात पाहून घरचे निश्चिंत होतात. म्हणूनच राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात पाच वर्षांखालील बालकासाठी वेगळा नियम आहे. घरात फुप्फुसाचा क्षयरुग्ण असेल आणि बालकाला प्रत्यक्ष क्षय नसल्याची खात्री झाली, तर या चाचणीची वाट न पाहता प्रतिबंधक औषध द्यायचे असते. हा नियम पाड्यापर्यंत पोहोचणे महत्त्वाचे आहे.

गोवराचा यात काय संबंध?

माँटूसारखी चाचणी गोवर अंगावर असताना नकारात्मक होते, हे व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०८ मध्येच नोंदवले होते. त्यामागचे कारण समजायला शंभर वर्षे लागली. गोवराचा विषाणू ज्या ग्राहीचा दरवाजा वापरून पेशीत शिरतो, ती ग्राही स्मृती पेशींवर भरपूर असते. त्यामुळे तो नेमक्या याच पेशींवर हल्ला करतो. अंगावरचे पुरळ जाते, पण आधीच्या आजारांची आठवण बरोबर घेऊन जाते.

नेदरलँड्समधील लस न घेतलेल्या ७७ मुलांचे गोवरापूर्वीचे आणि नंतरचे रक्त तपासून २०१९ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गोवरानंतर मुलांच्या प्रतिपिंडांच्या साठ्यातील ११ ते ७३ टक्के विविधता पुसली गेल्याचे दिसले. म्हणजे गोवरातून बरे झालेले मूल नंतर न्यूमोनिया किंवा जुलाबाने दगावले, तर नोंदीत गोवराचे नावही येणार नाही.

२०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीसह काही भागांत, तसेच भिवंडी आणि मालेगाव येथे गोवराचा उद्रेक झाला. जव्हार-मोखाड्याला हे दूरचे वाटू नये. भात झोडून झाला की इथली अनेक कुटुंबे ‘जगायला’ बाहेर पडतात. भिवंडी, कल्याण, वसई पट्ट्यातील वीटभट्ट्या आणि बांधकामे ही त्यांची ठिकाणे. लसीकरणाचे कार्ड पाड्यावर राहते आणि मूल भट्टीवर. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत असतो. नेमक्या याच वयात हंगामी स्थलांतर आड येते.

लसीतील गोवराचा विषाणू दुर्बल केलेला असतो. तो आजाराची आठवण देतो, पण इतर आठवणी पुसत नाही.

मग कुपोषित मुलाला लस देऊन उपयोग आहे का?

आहे, आणि त्यालाच सर्वात जास्त आहे. कुपोषण हे लस टाळण्याचे कारण नाही. बहुतेक इंजेक्शनच्या लशींना कुपोषित मुलेही प्रतिपिंडे तयार करून बऱ्यापैकी प्रतिसाद देतात. तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या लशी आतड्याच्या अवस्थेमुळे काहीशा कमी पडतात. प्रश्न लस ‘लागते’ का, एवढाच नाही. मिळालेली स्मृती टिकवायला शरीराकडे साधने आहेत का, हा आहे.

बीसीजीचे उदाहरण बोलके आहे. जन्मानंतर दिली जाणारी ही लस लहान मुलांना मेंदूच्या क्षयापासून आणि शरीरभर पसरणाऱ्या क्षयापासून चांगले वाचवते. मोठ्यांच्या फुप्फुसाच्या क्षयावर मात्र तिचा भरवसा देता येत नाही. तमिळनाडूतील चेंगलपट्टू येथे १९६८ पासून झालेल्या मोठ्या चाचणीत तो परिणाम दिसलाच नाही. त्याची कारणे अनेक आहेत. पण एकदा टोचले म्हणजे जन्माची हमी मिळाली, असे टी-पेशींच्या बाबतीत होत नाही, हे त्यातून कळते.

जीवनसत्त्व ‘अ’चा डोस गोवर-रुबेला लसीबरोबर सुरू होतो, त्यामागेही कारण आहे. याच जीवनसत्त्वापासून बनणारे रेटिनॉइक आम्ल टी-पेशींना आतड्याचा ‘पत्ता’ देते. ते नसेल तर फौज तयार होऊनही जिथे जुलाबाचे जंतू असतात तिथे पोहोचत नाही.

वजन वाढले म्हणजे मूल बरे झाले?

तीव्र कुपोषित म्हणजे ‘सॅम’ बालक ओळखायला दंडाचा घेर मोजतात. सहा महिने ते पाच वर्षे वयात तो ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर धोक्याची खूण. वजन-उंचीचे प्रमाण आणि पायांवरची सूजही पाहतात. गुंतागुंत असलेल्या मुलाला पोषण पुनर्वसन केंद्रात साधारण दोन आठवडे ठेवतात. आईला सोबत राहावे लागते, म्हणून बुडीत मजुरी दिली जाते. तरीही घरी दुसरी लेकरे असतात, शेतावर लावणी असते. अनेक माता मुलाचे वजन थोडे वाढले की घरी जाण्याची घाई करतात. त्यांची अडचण खरी आहे.

पण वजनकाटा सगळे सांगत नाही. बोलिव्हियातील कोचाबांबा येथे तीव्र कुपोषित मुलांवर झालेल्या आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाचा निष्कर्ष स्पष्ट आहे : शरीर भरून यायला साधारण एक महिना लागला, तर थायमस पूर्ववत व्हायला सुमारे दोन महिने. जस्त दिल्यावर हे अंतर कमी झाले. म्हणजे गाल भरलेले मूलही आतून अजून उघडे असते. नेमक्या त्या महिन्यात त्याला वीटभट्टीवर नेले आणि तिथे गोवर, न्यूमोनिया किंवा क्षयाची गाठ पडली, तर केंद्रातील दोन आठवड्यांची मेहनत वाया जाते.

म्हणून केंद्रातून सुटी मिळणे हा उपचाराचा शेवट धरता येत नाही. पुढचे दोन-तीन महिने अंगणवाडीतील आहार, सेविकेच्या भेटी आणि स्थलांतर झालेच तर जिथे कुटुंब गेले तिथल्या अंगणवाडीला निरोप, हे उपचारातच धरायला हवे.

ही समस्या किती मोठी?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी, २५.६ टक्के उंचीच्या मानाने लुकडी आणि ३६.१ टक्के कमी वजनाची होती. ही पूर्ण राज्याची सरासरी आहे. जव्हार आणि मोखाड्यात २०११ च्या जनगणनेनुसार दर दहापैकी सुमारे नऊ रहिवासी आदिवासी. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी आणि कातकरी समाजाची ही वस्ती. डोंगराळ जमीन, एकच पावसाळी पीक, पावसाचे प्रमाण प्रचंड आणि उन्हाळ्यात मात्र पाण्यासाठी टँकर, असे इथले चक्र आहे.

चांगल्या अन्नाने खरेच फरक पडतो?

याचे अलीकडचे ठोस उत्तर झारखंडमधून आले. डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या नेतृत्वाखालील ‘रेशन्स’ चाचणीत चार जिल्ह्यांतील २,८०० क्षयरुग्ण आणि त्यांच्या घरातील १०,३४५ व्यक्तींचा समावेश होता. काही कुटुंबांत प्रत्येक सदस्याला दरमहा पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि सूक्ष्म पोषक द्रव्यांच्या गोळ्या दिल्या गेल्या. २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार, अशा कुटुंबांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी, तर जंतू सिद्ध झालेल्या फुप्फुसाच्या क्षयाचे प्रमाण ४८ टक्क्यांनी कमी झाले. ज्या रुग्णांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्के वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला.

हा अभ्यास पेशींचा नव्हता, आजाराच्या प्रमाणाचा होता. पण प्रयोगशाळेत उंदरांत जे दिसले, त्याच दिशेचा परिणाम गावांत दिसला. या जंतूला दाबून ठेवण्याचे काम टी-पेशी आणि इंटरफेरॉन-गॅमा करतात. तांदूळ-डाळीने त्यांचीच रसद पोहोचली, असे मानायला जागा आहे.

धोरणातही त्याचे पडसाद उमटले. निक्षय पोषण योजनेत रुग्णाला मिळणारी दरमहा ५०० रुपयांची मदत नोव्हेंबर २०२४ पासून एक हजार रुपये झाली. रुग्णाच्या कुटुंबीयांनाही पोषण संच देण्याचा निर्णय केंद्राने २०२४ मध्येच जाहीर केला. आदिवासी भागातील गरोदर आणि स्तनदा मातांना रोज एक वेळचे चौरस जेवण देणारी अमृत आहार योजना राज्यात २०१५ पासून आहे. पुढे त्यात मुलांसाठी अंडी किंवा केळीही आली. आरोग्य आणि महिला-बालविकास ही दोन खाती वेगळी असली, तरी मुलाच्या शरीरात लस आणि अंडे एकाच ठिकाणी काम करतात.

‘भुकेने गेले की आजाराने’ या वादाचे उत्तरही इथेच मिळते. शेवटचा घाव जंतू घालतो हे खरे. पण तो जंतू ओळखणाऱ्या पेशी आधीच विरळ झालेल्या असतात, कारण त्यांना जिवंत ठेवणारा निरोप अन्नावर चालतो. नेव्हिन स्क्रिमशॉ, कार्ल टेलर आणि जॉन गॉर्डन यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९६८ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात पोषण आणि संसर्ग एकमेकांना कसे बळ देतात हे मांडले होते. सायटोकाइनच्या अभ्यासाने त्या दोघांमधला दुवा दाखवला. मृत्यूच्या नोंदीत न्यूमोनियाखाली मुलाच्या दंडाचा घेर आणि शेवटच्या लसीची तारीखही लिहिली गेली, तर नोंद अधिक खरी होईल आणि पुढच्या मुलाबाबत कुठे लक्ष द्यायचे तेही कळेल.

पालक आणि अंगणवाडीसाठी, थोडक्यात

• मूल कमी वजनाचे आहे म्हणून लस पुढे ढकलू नका. गोवर-रुबेलाचे दोन्ही डोस पूर्ण करा.

• स्थलांतराला निघताना लसीकरणाचे कार्ड सोबत घ्या. पाड्यावरील सेविकेला जाण्याचे ठिकाण सांगा.

• गोवर होऊन गेल्यावर पुढचे काही महिने मुलाला जपा. जुलाब, ताप, जलद श्वास दिसताच आरोग्य केंद्रात न्या. जीवनसत्त्व ‘अ’ दिले का, हे विचारा.

• घरात क्षयरुग्ण असेल तर पाच वर्षांखालील मुलाची तपासणी करून घ्या. माँटूची गाठ आली नाही म्हणून गाफील राहू नका.

• जंतनाशक गोळी आणि जस्ताचे औषध सांगितल्याप्रमाणे पूर्ण द्या.

• पोषण पुनर्वसन केंद्रातून आल्यावर किमान दोन महिने डाळ, अंडी, शेंगदाणे, नागली, पालेभाजी रोजच्या जेवणात ठेवा. वजन भरले तरी आतली दुरुस्ती अजून चालू असते.